खिडकीतून येणारं पाणी आणि भिंतीची ओल

हातातली कामं चालू ठेवा, फक्त कान इकडे असू द्या. आज खिडकीबद्दल बोलायचं आहे. ‘खिडकीबद्दल काय बोलायचं बाई, ती उघडायची आणि लावायची,’ असं मलाही वाटायचं. पण २०२५ च्या सप्टेंबरात जे झालं, त्यानंतर मी गावातल्या पंधरा-वीस घरांच्या खिडक्या हात लावून बघितल्या, चार मिस्त्र्यांना विचारलं, आणि मग हे बोलायला बसले.

त्या सप्टेंबरात मराठवाड्यात कसा पाऊस झाला ते तुम्हाला सांगायला नको. आपल्या बीड जिल्ह्यात सिंदफणेला पूर आला, कितीकांची सोयाबीन आणि कपाशी पाण्यात गेली. आमचं गाव उंचावर, म्हणून पुराचं पाणी आलं नाही. पण आमच्या गटाच्या सचिव वहिनींच्या घरकुलात खिडकीखाली एक लोखंडी पेटी होती आणि त्या पेटीत गटाची रजिस्टरं होती. रात्रभर वाऱ्याचा पाऊस लागला. सकाळी बघतो तर पेटीवरची गोधडी चिंब, आणि झाकणाच्या फटीतून पाणी आत उतरलेलं. कर्जवाटपाच्या रजिस्टरची शाई अशी पसरली की कुणाचे किती हप्ते आले, कुणाचे राहिले, काही कळेना. सगळ्याजणींची पासबुकं गोळा करून, बँकेचं खातं समोर ठेवून पुन्हा लिहायला तीन बैठका गेल्या. एका हप्त्यावरून दोघींमध्ये वाजलं, त्या दिवाळीपर्यंत एकमेकींशी बोलत नव्हत्या.

वहिनींना वाटलं स्लॅब गळतो. मिस्त्रीही म्हणाला स्लॅबच गळतो, वरून वॉटरप्रूफिंग करून घ्या. त्यासाठी त्या गटातून कर्ज काढायला निघाल्या होत्या. मी सहज म्हणून खिडकीजवळ गेले. स्लॅबला डाग नव्हता. भिंतीची वरची बाजू कोरडी होती. ओल होती ती खिडकीच्या खाली, आणि खिडकीच्या खालच्या पट्टीत बोटभर पाणी साचलेलं. त्या पट्टीला बाहेरच्या बाजूने दोन बारीक भोकं होती, ती मातीने आणि कापसाच्या तंतूंनी बंद झालेली. खराट्याची काडी घातली, गुटगुट करत सगळं पाणी बाहेर गेलं. स्लॅबचं कर्ज वाचलं.

आता ही भोकं कशासाठी असतात ते नीट समजून घेऊ, कारण गावातल्या निम्म्याहून जास्त घरांत मला ती बुजलेलीच दिसली.

आपली जुनी माळवदाची घरं आठवा. भिंती दोन-दोन हात जाड, खिडकी म्हणजे भिंतीतला लहान झरोका, नाहीतर गज लावलेली लाकडी खिडकी. पाऊस आला की लाकडी फळी लावून घ्यायची. आता सरकती ॲल्युमिनियमची खिडकी आली, जिला आपण स्लायडिंग म्हणतो. तिची काच बाजूला सरकते, म्हणून तिला खाली रूळ लागतात, रेल्वेसारखे. दोन रूळ किंवा तीन, तिसरा मच्छरजाळीचा. रूळ आले म्हणजे मधे खाच आली, आणि खाच आली म्हणजे तिच्यात पाणी उतरणारच. पाऊस काचेवर आपटतो, ओघळतो आणि थेट त्या खाचेत जातो. खिडकी कितीही चांगली असली तरी हे होणार. म्हणून ती खाच म्हणजे छोटी पन्हळ समजा. पन्हळीला तोंड पाहिजे, तसं या खाचेला बाहेरच्या बाजूला भोक किंवा चीर ठेवलेली असते. ते तोंड उघडं असेल तर पाणी येतं तसं बाहेर जातं. बंद असेल तर खाच भरते, वाऱ्याच्या जोराने पाणी हेलकावतं आणि आतल्या काठावरून घरात सांडतं. तिथून भिंतीला, भिंतीवरून जे काही खाली ठेवलं असेल त्याच्यावर. पुष्कळ घरांत खिडकीशेजारीच विजेचा बोर्ड असतो. तिथे ओल गेली तर काय होईल ते वेगळं सांगत नाही. ओल्या भिंतीवरच्या बोर्डाला हात लावायचा नाही, मेन स्विच बंद करायचा आणि वायरमनला बोलवायचं.

भोकं बुजतात कशाने? आपल्याकडे मे महिन्यात वावटळी उठतात, ती माती. मळणीयंत्र गावात फिरतं, तेव्हाचा भुसा. आणि घरात कापूस असेल तर त्याचे तंतू. तंतू आणि माती ओली झाली की अगदी नमद्यासारखा बोळा तयार होतो, नुसत्या पाण्याने तो निघत नाही. काही ठिकाणी तर दोष आपल्याच माणसांचा असतो. प्लास्टर करताना गवंड्याने भोकांवर सिमेंट मारलेलं असतं. एका घरी तर ‘इथून मुंग्या येतात’ म्हणून घरधन्याने सिलिकॉन लावून भोकं पक्की बंद केली होती! मुंग्या थांबल्या, पाणी आत आलं. आणि काही स्वस्तातल्या खिडक्यांना भोकं पाडलेलीच नसतात. घरकुलाला मिळतात ते मोजकेच पैसे. त्यात घर उभं करायचं म्हटलं की खिडकीवर हात आखडता घेतला जातो, हे समजण्यासारखं आहे. पण भोक पाडायला काही खर्च नाही. खिडकी बसवणाऱ्यालाच सांगा, ड्रिल मशिनने खालच्या पट्टीच्या बाहेरच्या बाजूला दोन्ही टोकांजवळ एकेक पाडून देईल. खिळा ठोकून आपण पाडायला जाऊ नका, पट्टी वाकते आणि मग काच सरकत नाही.

तुमच्या घरात पाणी नेमकं कुठून येतं हे शोधायला दोघी लागतात. एक बाहेर तांब्या घेऊन, एक आत कोरडं फडकं घेऊन. कोरड्या दिवशी करा. आधी फक्त खालच्या खाचेत तांब्याभर पाणी ओता. बाहेर निघून गेलं तर खाच बरी आहे. मग चौकट आणि खालची फरशी जिथे मिळते तिथे बाहेरून हळूहळू ओता, आणि आतलीने बघत राहायचं. मग दोन्ही बाजूंना, शेवटी वरच्या कडेला. खालून वर जायचं, घाई करायची नाही, प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटं थांबायचं. वरून सुरुवात केली तर सगळीकडेच पाणी होतं आणि काही कळत नाही. जिथे ओतल्यावर आतलं फडकं ओलं झालं, तिथे दुखणं.

बहुतेक वेळा दुसरं दुखणं निघतं ते चौकट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत. भिंत आणि ॲल्युमिनियम दोन्ही उन्हाने फुगतात आणि थंडीने आकसतात, पण ॲल्युमिनियम जास्त. त्यामुळे फटीत भरलेलं सिमेंट वर्षा-दोन वर्षांत सुटतं. तिथे सिमेंट पुन्हा भरून उपयोग नाही, पुन्हा सुटेल. तिथे सिलिकॉन पाहिजे, ते रबरासारखं ताणलं जातं. दुकानात नळी मिळते. मागताना ‘न्यूट्रल द्या’ म्हणून सांगा. दुसरं एक असतं, लावताना शिरक्यासारखा आंबट वास येतो, ते काचेला ठीक, पण सिमेंटच्या भिंतीला नीट धरत नाही. लावायच्या आधी जुनं सगळं खरवडून काढायचं, ब्रशने धूळ झाडायची, जागा पूर्ण कोरडी पाहिजे. धुळीवर लावलेलं सिलिकॉन म्हणजे पिठावर थापलेली भाकरी, उचलली की सुटली. आणि लावायचं बाहेरून. आतून लावलं तर पाणी भिंतीच्या पोटात मुरतं आणि आपल्याला दिसत नाही, एवढंच. खालच्या बाजूला लावताना भोकं मोकळी ठेवा.

तिसरी गोष्ट खालच्या फरशीची. कडाप्पा असो की शहाबादी, तिचा उतार बाहेर पाहिजे. एक गोटी ठेवून बघा. आत गडगडत आली तर पाणीही तसंच येणार. त्यावर मात्र गवंडीच लागेल. घर बांधणं अजून चालू असेल तर आत्ताच लक्ष ठेवा. खिडकीवर छज्जा घ्याच, आणि छज्जाच्या खालच्या कडेला बोटाच्या जाडीची खाच ठेवायला सांगा, म्हणजे पाणी खालून सरकत भिंतीपर्यंत येत नाही, तिथेच थेंब होऊन पडतं. पावसाळ्यातला वारा आपल्याकडे पश्चिमेचा, तिकडच्या खिडकीला जास्त जपा. परतीचा पाऊस मात्र कुठूनही येतो, त्याचा नेम नाही.

हे झालं बाहेरून येणाऱ्या पाण्याचं. पण मला एका ताईंनी विचारलं, ‘पौषात पाऊस नाही की काही नाही, तरी सकाळी खिडकीला पाणी सुटलेलं असतं. ते कुठून?’

उन्हाळ्यात माठही ओला असतो आणि थंड पाण्याचा तांब्याही. पण दोन्हींचं पाणी वेगळं. माठाचं पाणी आतून पाझरतं. तांब्या स्टीलचा, तो काही पाझरत नाही. त्याच्यावरचं पाणी हवेतलं असतं. हवेत वाफ असते, ती थंड वस्तूला लागली की तिचं पाणी होतं. खिडकीचं तसंच. ॲल्युमिनियम म्हणजे काय, तर आपण ज्याला जर्मनचं पातेलं म्हणतो तोच धातू. जर्मनचं पातेलं किती लवकर तापतं ते चुलीवर हात पोळलेलीला माहीत आहे. तापतं तसंच लवकर गारही होतं. लाकडाच्या हजारपटीहून जास्त वेगाने उष्णता त्यातून जाते. बाहेर थंडी पडली की चौकट आतूनही गार होते, आणि घरातली वाफ तिच्यावर येऊन बसते.

वाफ कुठली? घरात झोपलेल्या पाच-सहा माणसांच्या श्वासाची, भाताच्या पातेल्याची, दोरीवरच्या ओल्या कपड्यांची, कोपऱ्यातल्या न्हाणीची. आणि आणखी एक, जी मलाही माहीत नव्हती. गॅस जळतो तेव्हा त्यातूनही पाणी तयार होतं. १४.२ किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत वीस-बावीस लिटर पाणी वाफ होऊन आपल्या घरात येतं. दीड-दोन कळश्या! घरकुल म्हणजे किमान २५ चौरस मीटर, २६९ चौरस फूट, त्यातच स्वयंपाकाची जागा. माळवदाच्या घरात धूर जायला साणं असायचं, त्यातून वाफही जायची. आता छत बंद, दार बंद, खिडकी बंद. मग भिंतीच्या कोपऱ्यात, कपाटाच्या मागे काळे ठिपके उठतात, ती बुरशी. घरात दम्याचं माणूस असेल, तान्हं मूल असेल तर त्यांना या बुरशीचा त्रास होतो. खोकला जात नाही म्हणून औषधं चालू असतात, आणि पोराची गादी ओल्या भिंतीला टेकलेली असते.

इलाज फार साधा आहे. स्वयंपाक चालू असताना आणि नंतर थोडा वेळ समोरासमोरच्या दोन खिडक्या, किंवा खिडकी आणि दार, उघडं ठेवा. सकाळी उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं तसंच. थंडी लागते हे खरं, पण गोधडी अंगावर घ्या. सुटलेलं पाणी कोरड्या फडक्याने पुसून फडकं बाहेर वाळत घाला, घरातच टाकलं तर तेच पाणी पुन्हा हवेत. कपाट आणि गादी भिंतीपासून चार बोटं लांब. बुरशी पुसताना नाकाला पदर बांधा, साबणाच्या पाण्याने पुसा आणि जागा वाळवा. नुसता चुना मारू नका, महिन्याभरात ठिपके वर येतात. ओल्या भिंतीवर ऑइलपेंट तर अजिबात नको, पोपडे धरतो.

ओल घरातल्या हवेची की बाहेरून मुरलेली, हे कळत नसेल तर हातभर प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या वर पाणी जमलं तर ते हवेचं. आतल्या बाजूला जमलं तर भिंत ओली आहे.

आता धातूची निगा. ॲल्युमिनियम लोखंडासारखं गंजत नाही, म्हणून त्याला काहीच होत नाही असं आपण धरून चालतो. त्याचं वैर दुसऱ्याशी आहे. जर्मनच्या भांड्याला सोडा लागला की ते काळं पडतं, बघितलं असेल. धुण्याचा सोडा, चुना, ओलं सिमेंट आणि चुलीतली राख हे सगळं त्याला खातं. राखेने घासून खिडकी चकचकीत करायला जाल तर ओरखडेही पडतील आणि वरचा रंगही जाईल. फरशी धुवायचं ॲसिडही तितकंच वाईट. घराला चुना किंवा प्लास्टर करताना चौकटीला कागद लावा, शिंतोडा उडालाच तर ओला असतानाच पुसा. वाळल्यावर खरवडलं तर डाग कायमचा राहतो. धुवायला अंगाच्या साबणाचं पाणी, मऊ फडकं आणि खाचेसाठी जुना दातांचा ब्रश बस झाला. बोअरच्या पाण्याने धुतलं तर लगेच कोरडं पुसा, नाहीतर क्षाराचे पांढरे थर बसतात.

आणि ती नवीन खिडकीवरची प्लास्टिकची पट्टी! कितीतरी घरांत बघितलं, खिडकी बसवून तीन वर्षं झाली तरी ‘नवी राहावी’ म्हणून काढलेली नाही. उन्हाने ती भाजून चिकटते, खाली पाणी कोंडतं. रंगकाम संपलं की काढून टाका. स्क्रू लोखंडी असतील तर ते गंजतात आणि त्यांच्याभोवतीचं ॲल्युमिनियमही पांढरं होऊन पोखरतं, बदलताना स्टीलचे घ्या.

काच जड सरकते म्हणून खोबरेल किंवा गोडं तेल सोडायची सवय आहे आपल्याला. दोन दिवस बरं सरकतं, मग त्या तेलाला माती चिकटून चिखल होतो. खाच स्वच्छ करून रुळावर मेणबत्ती घासा. तरीही अडत असेल तर खालची चाकं झिजली असतील. दोघींनी मिळून काच वर उचलून खालून अलगद बाहेर काढायची, जुनं चाक नमुना म्हणून दुकानात न्यायचं. एकटीने काढू नका, आणि पोरं आसपास नकोत.

आरोग्य खात्याच्या ताई सांगतात ना, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, रांजण-टाक्या रिकाम्या करा? त्याच दिवशी खिडकीची खाचही पुसून घ्या. डेंग्यूच्या डासाला साचलेलं थोडं पाणीही पुरतं.

कापसाचं सांगते, कारण तिथे सरळ पैसा आहे. भाव येईल म्हणून आपण घरात कापूस ठेवतो, आणि जागा नसते म्हणून ढीग थेट खिडकीखाली. सीसीआयच्या केंद्रावर ८ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो, वर गेला की भावात कपात, आणि १२ टक्क्यांपुढे कापूस घेतच नाहीत. खिडकीखालचा ढीग वरून हात लावला तर कोरडा लागतो, पण भिंतीकडची बाजू ओल धरते. तेव्हा ढीग भिंतीपासून लांब, खाली लाकडी फळ्या, आणि खिडकीच्या बाजूला काही नाही. ज्वारीच्या पोत्यांनाही हेच.

शेवटचं, ऊसतोडीला जाणाऱ्या बहिणींसाठी. दिवाळीनंतर घराला कुलूप लागतं ते चैत्राच्या आसपास उघडतं. मागे सासू एकटी, नाहीतर कुणीच नाही. त्या महिन्यांत मोसमी पाऊस नसला तरी अवकाळी असतो. २०१४ च्या मार्चमधली गारपीट आठवत असेल. काच फुटली आणि घर बंद, तर आतलं धान्य आणि अंथरूण कोण बघणार? जायच्या आधी खाच साफ करा, खडखडणारी काच गच्च बसवून घ्या, पेटी आणि विजेच्या वस्तू खिडकीपासून दूर सरकवा. जाळी लावलेला वरचा झरोका असेल तर तो उघडाच राहू द्या, हवा खेळती पाहिजे. किल्ली गटातल्या एखादीकडे द्या, तिने पंधरा दिवसांतून एकदा दार उघडून नजर टाकायची. परत आल्यावर मे महिन्यात, ऊन तापायच्या आत सकाळी, सिलिकॉनचं काम उरकून घ्यायचं. एकदा मृग लागला की जागा कोरडी मिळत नाही.

सिलिकॉन लावायला एक बंदूक लागते. ती प्रत्येकीने घ्यायची गरज नाही. आमच्या गटाने एकच घेतली आहे, जिला पाहिजे ती नेते आणि नळी आपली आपण आणते. नवीन रजिस्टरच्या साहित्याच्या पानावर पहिली नोंद तीच आहे, आणि ते रजिस्टर आता खिडकीपासून लांब, फडताळात वरच्या खणात ठेवतो.